शिमुरा, मागे बघ!

१९७४ सालचा वसंत. शनिवार. रात्रीचे आठ वाजायला दोन मिनिटं कमी आहेत. तुम्ही टोकियोच्या एका उपनगरातल्या सार्वजनिक सभागृहात, डाव्या विंगेत, दोरखंड आणि लाकडी चौकटी यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत अंग चोरून उभे आहात. पडद्यापलीकडे पोरंच पोरं. शिट्ट्या, खुर्च्यांची कुरकुर, कुणाचं तरी रडणं, कुणाच्या तरी आईचा दबलेला आवाज. तुमच्या खांद्याला खांदा लावून उभा असलेला रंगमंच-कामगार मनगटावरचं घड्याळ बघतोय. ही तालीम नाही आणि चित्रीकरणही नाही. आठच्या ठोक्याला इथून जे सुरू होईल ते त्याच क्षणी घराघरांत दिसणार आहे. चुकलं तर चुकलेलंच दिसेल.

ठोका पडतो. एक लांबोडक्या चेहऱ्याचा, जाड ओठांचा माणूस गरजतो, ‘आठ वाजले!’ आणि सभागृह छत उडेल अशा आवाजात उत्तर देतं, ‘सगळे जमा व्हा!’ हेच कार्यक्रमाचं नाव : ‘हाचिजी दायो! झेन्‌इन शूगो’. प्रेक्षकांमधल्या वाटेवरून जत्रेतले हाप्पी डगले घातलेले पाच जण धावत मंचावर येतात. गरजणारा तो चोसुके इकारिया, या कंपनीचा म्होरक्या. गोबऱ्या गालांचा कातो चा, पोरांचा लाडका. कसरतपटू कोजी नाकामोतो. लठ्ठ, सुस्त बू ताकागी. आणि पाचवा, मानेपर्यंत केस वाढवलेला, हडकुळा, चोवीस वर्षांचा एक नवखा.

त्याच्यावर लक्ष ठेवा. तो धडपडतो, भिंतीवर आपटतो, तोंड वेडंवाकडं करतो. सगळं वेळेत, सगळं जिथल्या तिथे. तरी हशा येत नाही. कातोने नुसती भुवई उचलली तरी पोरं खुर्चीतून घसरतात. हा पडतो तेव्हा ती वाट बघत राहतात, आता कातो काय करणार याची. विंगेत उभं राहून ती शांतता ऐकताना तुमच्याच पोटात खड्डा पडतो.

त्याचं नाव केन शिमुरा.

ज्या जागेवर तो उभा आहे ती सोपी जागा नाही. ‘द ड्रिफ्टर्स’ हा मुळात विनोदी वाद्यवृंद. इकारिया बास वाजवायचा, कातो ड्रम. १९६६ साली बीटल्स टोकियोच्या बुदोकानमध्ये वाजवायला आले, तेव्हा त्यांच्याआधी रंगमंचावर येऊन घाईघाईने एक तुकडा सादर करून गेलेल्यांत हेही होते. ऑक्टोबर १९६९ मध्ये टीबीएस वाहिनीवर त्यांचा शनिवारचा कार्यक्रम सुरू झाला आणि ७ एप्रिल १९७३ रोजी टोकियोभोवतालच्या कांतो विभागात त्याची प्रेक्षकसंख्या ५०.५ टक्क्यांवर गेली. म्हणजे त्या रात्री टीव्ही असलेल्या दर दोन घरांमागे एका घरात हीच कंपनी पडत-धडपडत होती. अशा कंपनीतून १९७४च्या मार्चअखेर चू अराई थकून बाहेर पडला आणि त्याच्या जागी हा पोऱ्या आला. लोकांना अराई हवा होता. मिळाला शिमुरा.

अजून सहा वर्षं मागे चला.

१९६८ची फेब्रुवारी, टोकियोत बर्फ पडतंय. इकारियाच्या घराबाहेर एक शाळकरी मुलगा उभा आहे. शाळेचा निकालही लागलेला नाही. तुम्ही कोपऱ्यावरच्या आडोशाला या, कारण वेळ लागणार आहे : तो बारा तास तिथून हलणार नाही. इकारिया घरी येतो, मुलगा कमरेत वाकतो आणि सांगतो, मला तुमच्याकडे ठेवून घ्या. काही दिवसांनी बोलावणं येतं आणि पोरगा वाद्यं उचलायला, कपडे धुवायला, चहा आणायला दौऱ्यावर निघतो.

हा मुलगा विनोदाकडे का वळला, ते त्याने पुढे स्वतःच सांगितलं आहे. वडील शिक्षक, ज्युदोवाले, घरात कमालीचे कडक. जेवताना शब्द नाही. पण टीव्हीवर कुणी विनोदवीर आला की तेच वडील हसायचे, आणि ते हसले की घर मोकळं व्हायचं. त्याचं खरं नाव यासुनोरी. ‘केन’ हे वडिलांच्या केन्जी या नावातून उचललेलं. मला या माणसाच्या सगळ्या कारकिर्दीची किल्ली इथे दिसते. त्याला शहाण्या, जाणत्या, टाळी देणाऱ्या प्रेक्षकांची ओढ कधीच नव्हती. न हसणाऱ्या माणसाला हसवायचं, एवढंच काम त्याने आयुष्यभर केलं.

मधल्या काळात तो एकदा कंटाळून पळालाही होता. दारूच्या गुत्त्यात काम करून परत आला, तेव्हा कातोने शब्द टाकला आणि स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. मग एका जोडीदाराला घेऊन टीव्हीवर स्वतंत्र जोडी करून पाहिली. तीही चालली नाही.

आता परत १९७४ मध्ये, गुरुवारी या. अकासाकामधल्या टीबीएसच्या इमारतीतली एक खोली. सिगारेटच्या धुराने डोळे चुरचुरतात. लेखक, दिग्दर्शक, नेपथ्यवाले, सामानवाले, आणि मधोमध इकारिया. शनिवारी काय करायचं ते ठरवायची ही बैठक. इकारिया गप्प बसला आहे. कुणीतरी एक कल्पना सांगतं. गप्प. दुसरी सांगतं. गप्पच. तास जातो, दुसरा जातो, राख लांबत जाते, पण उठून जायची कुणाची छाती नाही. मग तो मान वर करतो आणि विचारतो, घर डावीकडे पडलं तर? नेपथ्यवाला कागद ओढतो. घर डावीकडे पडायचं तर आधार कुठे, दोरी कुणाच्या हातात, कातो कुठल्या खिडकीखाली, म्हणजे नेमकी ती मोकळी खिडकी त्याच्या डोक्यावरून खाली येईल. शुक्रवारी हे सगळं पायांनी मोजून बघतात, पुन्हा पुन्हा. शनिवारी एकदाच होतं. आणि मग मोडून टाकतात. पुढच्या गुरुवारी पाटी कोरी.

सोनेरी धातूचं ते घमेलं बघा, जे वरून डोक्यात पडतं आणि ज्याचा ‘ढाण’ असा आवाज त्या पिढीच्या प्रत्येक जपानी माणसाच्या कानात आहे. ते सोडणारा माणूस वर माळ्यावर पालथा पडलेला असतो. अर्धा सेकंद लवकर सोडलं तर खालच्या नटाचं बोलणं पुरं झालेलं नसतं. अर्धा सेकंद उशिरा सोडलं तर नट वाट बघताना पकडला जातो आणि गंमत मरते. घमेलं पडायच्या आधी नटाने समाधानाने एक श्वास घ्यायचा असतो, आता सगळं ठीक झालं, असा. तो श्वास सुटता सुटता घमेलं. हे एवढंसं बसवायला माणसं दिवस घालवत होती. तोंडाने ‘फालतू’ म्हणावं आणि हाताने करून बघावं, मग कळतं.

शिमुरा त्या खोलीत सुरुवातीला कोपऱ्यात बसायचा. तिथेच तो शिकला.

१९७६. कार्यक्रमाच्या उत्तरार्धात बालगायनवृंदाचा भाग असतो. ड्रिफ्टर्स आणि पाहुण्या गायिका झगे घालून मुलांसारख्या रांगेत उभ्या राहतात आणि इकारिया त्यांना दटावत गाणी म्हणवून घेतो. आज तो शिमुराला पुढे बोलावतो. शिमुरा स्वतःच्या गावाचं गाणं म्हणतो, हिगाशिमुरायामाचं. टोकियोच्या पश्चिमेकडच्या, तेव्हा कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या गावाचं जत्रेतलं नाचगाणं. गावातले ज्येष्ठ नागरिक गंभीरपणे गायचे ते हे गाणं त्याने मोडून, ताणून, मध्येच दुसरीच चाल घुसडून असं काही केलं आहे की समोरची पोरं आधी गोंधळतात आणि मग फुटतात. पुढच्या आठवड्यांत त्यात नाच येतो, बॅलेचा पांढरा घोळदार झगा येतो, आणि त्या झग्याच्या भलत्याच जागी बसवलेली हंसाची मान येते.

या वेळी विंगेतून कान द्या. तो पुढे पाऊल टाकायच्या आधीच हशा सुरू झालेला आहे. दोन वर्षं लागली या आवाजाला.

गाण्याची तबकडी निघते, धडाक्यात खपते, आणि गाव इतकं खूश होतं की स्टेशनासमोर तीन केयाकी झाडं लावतं. शाळामास्तरच्या मुलाच्या नावाने.

यानंतरची पाच-सहा वर्षं सरळ चढणीची आहेत, म्हणून मी तुम्हाला त्यातल्या एकाच संध्याकाळी थांबवतो. प्रेक्षकांत बसा या वेळी, मधल्या रांगेत. मंचावर रात्र आहे. पडका वाडा, कागदी दारं, एक मिणमिणता कंदील. शिमुरा हातात कंदील घेऊन पुटपुटत चालतोय, इथे भूतबीत काही नाही, उगाच घाबरवतात. त्याच्या मागचं दार आवाज न करता सरकतं. पांढरं, केस सोडलेलं भूत बाहेर येतं आणि त्याच्या मागोमाग, त्याच्याच चालीने चालू लागतं.

तुमच्या शेजारचा सातेक वर्षांचा मुलगा खुर्चीवर उभा राहतो. ‘शिमुरा, मागे!’ सगळं सभागृह ओरडतंय, ‘शिमुरा, मागे बघ!’ शिमुरा थबकतो. कान टवकारतो. काय म्हणता? पोरं बोटं दाखवतात, घसा फोडून ओरडतात. तो वळतो. भूत त्याच क्षणी त्याच्या पाठीशी वळलेलं. कुणी नाही! काहीतरीच सांगता तुम्ही. शेजारच्या मुलाच्या डोळ्यांत खरं पाणी आहे. हा माणूस ऐकत का नाही? तो खाली उडी मारतो आणि मंचाकडे धावत सुटतो. आई त्याला दंडाला धरून परत आणते.

आता मुलाकडे बघू नका, शिमुराकडे बघा. तो सभागृह ऐकतोय. ओरडा वर चढत असेपर्यंत तो वळत नाही. ओरड्याला जिथे दम लागतो, पुढचा श्वास घ्यायला पोरं थांबतात, नेमकं तिथे वळतो. दर शनिवारी सभागृह निराळं, पोरं निराळी, म्हणून दर शनिवारी तो क्षणही निराळ्या जागी. हे लिहून ठेवता येत नाही. घर पाडायचं गुरुवारी ठरतं. वळायचं कधी, ते पोरं ठरवतात. बांधीव आणि मोकळं यांची अशी सांगड मी टीव्हीवर दुसरीकडे पाहिलेली नाही.

१९७९च्या शेवटी आणखी एक गोष्ट येते. शिमुरा आणि कातो, शेपटीचे काळे कोट, खोट्या मिश्या, तोंडातून एक अक्षर नाही. एक जण फळ हवेत फेकतो, दुसरा तलवारीच्या टोकावर झेलतो, आणि मध्ये मध्ये खांदे उडवत, हात खाली ताठ धरून दोघे नाचतात. पार्श्वभूमीला बासगिटारची एक ठसकेबाज फेर धरणारी ओळ. ती टेडी पेंडरग्रास या अमेरिकन सोल गायकाच्या गाण्यातून घेतलेली. शिमुरा अमेरिकन सोल संगीताचा नुसता शौकीन नव्हता, अभ्यासक होता. तबकड्यांची परीक्षणं लिहायचा. विल्सन पिकेटच्या गाण्याच्या ठेक्यावर त्याने जपानी जीभ वळवणारी वाक्यं बसवली आणि ती शाळेच्या मैदानांवर पोरांनी पाठ केली. पालक-शिक्षक संघटना मात्र वर्षानुवर्षं या कार्यक्रमाला मुलांना न दाखवण्याजोगा, सवंग ठरवत आल्या. गंमत अशी की त्याच कार्यक्रमाच्या शेवटी कातो दर आठवड्याला पोरांना आंघोळ करा, दात घासा, गृहपाठ करा असं बजावायचा, आणि आयांपेक्षा त्याचं जास्त ऐकलं जायचं.

१९८१ पासून घसरण सुरू होते, आणि पहिला धक्का त्याने स्वतःच दिला. घोड्यांच्या शर्यतींवरच्या बेकायदा सट्ट्यात तो आणि नाकामोतो सापडले आणि काही काळ दोघांनाही पडद्यापासून दूर राहावं लागलं. पण खरा धक्का मे महिन्यातला. त्याच शनिवारी, त्याच आठ वाजता, फुजी टीव्हीवर ‘ओरेताची ह्योकिन-झोकू’ नावाचा नवा कार्यक्रम येतो. बीट ताकेशी, सान्मा आकाशिया आणि मंडळी.

एखाद्या घरात शिरा आणि बघा. मोठा मुलगा वाहिनी बदलतोय. तिकडे स्टुडिओ आहे, चित्रीकरण आधीच झालेलं आहे. नट वाक्य विसरतो, हसू लागतो, आणि ते कापून टाकण्याऐवजी तेच दाखवतात. कॅमेऱ्यामागचे लोक हसताना ऐकू येतात. दिग्दर्शकाची फजिती हाच विनोद. मोठ्या मुलाला वाटतं, आपल्याला आतल्या गोटात घेतलं. धाकटी बहीण रडते, तिला भूत बघायचंय. त्या काळच्या जपानी घरांत शनिवारी हे भांडण नेमाने व्हायचं.

बीट ताकेशीला तुम्ही ओळखता. २००० नंतरच्या दशकात पोगो वाहिनीवर जावेद जाफरीच्या हिंदी बडबडीसह ‘ताकेशीज कॅसल’ लागायचं, चिखलात पडणारे आणि दगडांवरून घसरणारे शेकडो स्पर्धक, त्या किल्ल्याचा तो राजा. महाराष्ट्रातल्या एका पिढीला जपानी विनोद भेटला तो त्या दाराने. मूळ कार्यक्रम टीबीएसचाच, १९८६चा. ड्रिफ्टर्सचा किल्ला तोवर पडलेला होता.

पण पडण्यापूर्वीची एक रात्र बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. १६ जून १९८४, सैतामा प्रांतातलं इरुमा, नगरसभागृह. आठ वाजतात आणि दिवे जातात. पूर्ण काळोख. ध्वनिक्षेपक बंद. समोर पोरांनी भरलेलं सभागृह, आणि प्रक्षेपण चालूच. घरोघरच्या पडद्यांवर नुसता काळा चौकोन. दुसरी कुठलीही कंपनी असती तर विंगेत पळापळ झाली असती. इथे टॉर्च पेटतात. उजेडाच्या त्या तुटपुंज्या गोळ्यात इकारिया पुढे येतो आणि माइकशिवाय, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात पोरांना धीर देतो. पोरं ओरडून उत्तर देतात. तुमच्या पुढच्या मुलीने तोंडावरचा हात काढला आहे आणि ती खिदळते आहे. सुमारे नऊ मिनिटं असं चालतं. दिवे येतात, आणि इकारिया जणू काही घडलंच नाही अशा थाटात, घड्याळाला धरून, आठ वाजून साडेनऊ मिनिटं झाल्याची आरोळी ठोकून कार्यक्रम उघडतो. पंधरा वर्षांच्या शनिवारांनी त्यांना काय दिलं होतं, ते त्या नऊ मिनिटांत दिसलं.

प्रेक्षकसंख्या मात्र टॉर्चने वाचत नाही. २८ सप्टेंबर १९८५ रोजी, ८०३ भागांनंतर, ‘झेन्‌इन शूगो’ थांबलं.

शिमुरा बुडाला का? नाही, उलट आणखी वर गेला. जानेवारी १९८६ मध्ये त्याच वेळेला, त्याच वाहिनीवर, तो आणि कातो दोघेच नवा कार्यक्रम घेऊन आले आणि ‘ह्योकिन-झोकू’ला मागे टाकलं. १९८७ पासून सोमवारी फुजीवर ‘दाइजोबुदा’. शिमुराचा गुलाबी कपड्यांतला विचित्र काका, डगमगणारी म्हातारी, आणि चेहऱ्याला चुना फासलेला तो बावळट संस्थानिक, ‘बाका तोनोसामा’, हनुवटीखाली आडवा हात धरून ‘आइऽन’ करणारा. ही पात्रं जपानमध्ये घरातल्या माणसांसारखी झाली. त्यांतलं सगळं मला आज बघवत नाही, हेही सांगतो. दरबारातल्या अर्धवस्त्र बायका, त्यांच्यावर फिरणारे हात, यावर तेव्हा हसणाऱ्यांत मोठी माणसं होती, पोरं नव्हती. त्याच्या हातात भूत होतं, घमेलं होतं, शरीर होतं. त्याला त्या आधाराची गरज नव्हती.

कातोबरोबरच्या त्या कार्यक्रमात एक छोटा भाग होता. होम व्हिडिओ कॅमेरे नुकतेच घरात येऊ लागले होते. प्रेक्षकांनी आपल्या घरातली फजितीची चित्रफीत पाठवायची : बाळ झोपेत जेवतंय, कुत्रा पाण्यात पडतोय, नवरदेव घसरतोय. लोकांनी पोत्याने पाठवल्या. अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीने ही कल्पना टीबीएसकडून घेतली आणि १९८९च्या अखेरीस ‘अमेरिकाज फनिएस्ट होम व्हिडिओज’ सुरू झालं, जे आजही चालू आहे. तुमच्या फोनवर रोज येऊन पडणाऱ्या घसरगुंड्यांचं एक मूळ तिथे आहे.

इथे थांबून जरा विचार करा. घर पाडायला तीन दिवस आणि शंभर हात लागत होते. नवरदेव मात्र फुकट घसरतो. हिशेब करणाऱ्या माणसाला हे दिसायला किती वेळ लागणार? शिमुराचा पुढचा ऱ्हास त्याचं टायमिंग गेल्यामुळे झाला असं म्हणणारे त्या काळी होते, तोच तोच विनोद करतो म्हणणारेही होते. मला ते पटत नाही. टीव्हीने गुरुवार काढून टाकला. बैठक नको, तालीम नको, सुतार नको. चार विनोदवीर एका टेबलाशी बसवा, काहीतरी बोलतील, पडद्यावर अक्षरं टाका. १९९०च्या दशकात हेच झालं.

त्या दशकात मी तुम्हाला फार थांबवणार नाही. मध्यरात्र आहे, एखाद्या खोलीत टीव्ही चालू आहे, आणि अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात शिमुरा तीच पात्रं करतोय. सेट लहान झाला आहे, एक भिंत, एक टेबल. वर्षा-दोन वर्षांनी कार्यक्रमाचं नाव बदलतं, वेळ मध्यरात्रीचीच राहते. तो मात्र अजूनही प्रत्येक प्रवेश लिहून आणतो, घरी रात्र रात्र जुने विनोदी चित्रपट लावून बसतो, जेरी लुइसचं पडणं परत परत बघतो. पहाटेपर्यंत दारू आणि सिगारेटही सोबत असते. दशकाच्या मध्यावर तर देशभर अफवा उठली की केन शिमुरा कर्करोगाने वारला. आठ वाजता दिसायचा तो दिसेनासा झाला, एवढाच पुरावा. लोकांना तो पुरेसा वाटला.

१९९९ साली केन ताकाकुरा या जपानी पडद्यावरच्या सर्वांत अबोल नायकाने स्वतः फोन करून त्याला ‘पोप्पोया’ चित्रपटात बोलावलं. दारुड्या खाणकामगाराची छोटी भूमिका. बघितलीत तर कळेल, ज्याला पडता येतं त्याला तोल जाण्याचं दुःखही दाखवता येतं. पण यानंतर चित्रपटांकडे तो वळला नाही. इकारिया वळला होता, पोलिस मालिकेत म्हातारा तपास अधिकारी करून त्याने मोठा मान मिळवला. मार्च २००४ मध्ये इकारिया गेला. पुढच्याच महिन्यात शिमुरा शनिवारी संध्याकाळच्या मोक्याच्या वेळेत परतला, प्राण्यांच्या एका कार्यक्रमाचा प्रमुख म्हणून. चिंपांझी हसवायचा, तो शेजारी बसून हसायचा. आवडीने बघितलं लोकांनी, सोळा वर्षं. माझ्या लेखी तो त्याचा कार्यक्रम नव्हता.

त्याचा कार्यक्रम त्याला २००६ पासून स्वतःच उभा करावा लागला, नाट्यगृहात. ‘शिमुरा-कोन’. पडदा, विंग, प्रेक्षक, आणि कसून तालीम. संस्थानिक परत आला, विनोदी तुकडे परत आले, भर म्हणून एक डोळ्यांत पाणी आणणारं नाटक आणि पन्नाशीत जिद्दीने शिकलेलं त्सुगारू शामिसेन या तंतुवाद्याचं वादन. टीव्हीने नाकारलेला गुरुवार त्याने वर्षातून एकदा स्वतः विकत घेतला.

मार्च २०२०. सत्तरी नुकतीच पूर्ण झाली आहे. दिग्दर्शक योजी यामादांच्या चित्रपटात त्याला पहिल्यांदाच प्रमुख भूमिका मिळाली आहे. एनएचके वाहिनीच्या सकाळच्या मालिकेत एका कडक संगीतकाराचं काम त्याने सुरू केलं आहे. १७ तारखेला त्याला थकवा वाटतो, २०ला रुग्णालयात नेतात, २३ला कोरोनाचं निदान होतं आणि २९च्या रात्री तो जातो. मोठ्या भावाला चेहरा बघता येत नाही, अस्थिकलश हातात मिळतो. ३०च्या सकाळी ती मालिका सुरू होते आणि त्याच दिवशी बातमी फुटते. जपानमध्ये तोवर अनेकांना हा आजार दूरचा वाटत होता; शिमुरा गेल्यावर तो घरात आला. यामादांचा चित्रपट ‘किनेमा नो कामिसामा’ पुढच्या वर्षी आला, त्याच्या जागी जुना मित्र आणि गायक केन्जी सावादा उभा राहिला.

हिगाशिमुरायामाच्या लोकांनी वर्गणी काढून २६ जून २०२१ रोजी स्टेशनाच्या पूर्व दरवाजासमोर त्याचा ब्राँझचा पुतळा उभारला, हनुवटीखाली आडवा हात धरलेला. केयाकींची ती तीन झाडंही तिथेच आहेत. टोकियोला गेलात तर सेइबू मार्गाची गाडी पकडून जाऊन या. आणि जाणं जमलं नाही तर त्याचा भुताचा एखादा प्रवेश शोधा आणि घरातल्या सर्वांत लहान मुलाला मांडीवर घेऊन बघा. जपानी येण्याची गरज नाही. मूल ओरडू लागलं तर ओरडू द्या.